उतरणार कुणाकडे?

गावाकडून मुंबईला निघालेल्या माणसाला घरातली वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारायची, "उतरणार कुणाकडे?" गाडीची वेळ, भाड्याचे पैसे, सोबतची शिदोरी हे सगळं नंतर. मुंबईत आपलं माणूस आहे का, असलं तर त्याच्या खोलीत पथारी पसरण्यापुरती जागा आहे का, आणि नसेल तर आपल्या गावाचा, जातीचा किंवा धंद्याचा कुठला उंबरठा तिथे आहे, यावर मुक्काम ठरायचा. आज समुद्राकाठच्या शहरात जाणारा माणूस मोबाइलवर खोलीचे फोटो बघतो, दर बघतो, खिडकीतून पाणी दिसेल का ते बघतो. मुंबईत निदान शंभर वर्षं समुद्र या हिशेबात धरलेलाच नव्हता. मी गिरगावात जन्मले, वाढले, तिथल्याच शाळेत इतिहास शिकवला, आणि माझ्या वडिलांचं अख्खं आयुष्य परगावच्या माणसांना खोल्या देण्यात गेलं. त्यामुळे या शहरात कोण कुठे उतरलं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका लॉजिंग-बोर्डिंगचे मॅनेजर होते. मालक वेगळे. आप्पांच्या ताब्यात गल्ला, किल्ल्यांचा जुडगा आणि उतारूंचं रजिस्टर. हे रजिस्टर लांबट होतं, त्याची पाठ लाल कापडाची, आणि ते अधूनमधून पोलीस चौकीवर दाखवावं लागे. त्यात रकाने होते: नाव, वय, धंदा, मूळ गाव, कुठून आले, कुठे जाणार, सोबत कोण, मुंबईत येण्याचं कारण, सही किंवा अंगठा. शाळेला सुट्टी असली की आप्पा मला शेजारी बसवून रकाने आखायला लावत. कारणाचा रकाना मी लहानपणीच इतका वाचला की तो मला पाठ झाला होता: कोर्ट. इस्पितळ. लग्नाची खरेदी. मुलाखत. सचिवालय. बोट पकडणे. मालाची उधारी वसुली. चौपाटी त्या लॉजपासून हाकेच्या अंतरावर होती, येणारा प्रत्येक जण संध्याकाळी वाळूत जाऊन बसायचा, भेळ खायचा, पाय ओले करून यायचा; पण त्या रकान्यात 'समुद्र' हा शब्द मी कधी वाचला नाही.

समुद्राकडे पाठ करून मुक्काम करण्याची ही रीत जुनी आहे, आणि तिला कारणं आहेत. पहिलं कारण पाणी. विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं 1860 साली. त्याआधी मुंबईची तहान विहिरी आणि तलाव भागवत. परगावचा वाटसरू, यात्रेकरू किंवा व्यापारी जिथे गोडं पाणी असेल तिथेच पथारी टाकणार. मुंबादेवीचा तलाव, धोबी तलाव, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव, गवालिया तलाव यांच्या आसपास देवळं होती, देवळांना लागून ओसऱ्या होत्या, आणि पुढे दानशूर शेटजींनी धर्मशाळा बांधल्या त्याही याच टापूत. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' 1863 साली प्रसिद्ध झालं. मराठीत या शहराचं इतकं तपशीलवार वर्णन त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. ते वाचताना देवळं, तळी आणि धर्मादाय कामं यांच्याभोवती विणलेलं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं. तलाव पुढे बुजवले गेले, नावं तेवढी राहिली. सी. पी. टँकच्या माधवबागेत लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि धर्मशाळा आजही आहे. हिराबागही तिथून जवळच. गुजरातेतून, मारवाडातून कापसाच्या आणि कापडाच्या कामासाठी आलेली माणसं इथे उतरायची, कारण बाजार इथून पायी गाठता यायचा.

दुसरं कारण म्हणजे किनारा तेव्हा राहण्याजोगा नव्हता. बॅक बेच्या काठावर सोनापूरची स्मशानं आणि दफनभूमी होती. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लोक प्रातर्विधीला जात. मग त्याच काठाने रेल्वेचे रूळ पडले. विरारहून बॅक बेपर्यंतची लोकल 12 एप्रिल 1867 रोजी सुरू झाली. गिरगाव आणि समुद्र यांच्यामध्ये धुराची रेघ उभी राहिली. आज ज्या खिडकीसाठी माणसं दुप्पट पैसे मोजतात, ती खिडकी त्या काळी कुणी फुकट घेतली नसती.

साहेबाचं निराळं होतं. त्याला वारा हवा असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरड्या ऋतूत इंग्रज अधिकारी कोटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर तंबू ठोकून राहत आणि पावसाळा तोंडावर आला की गाशा गुंडाळत. 1833 साली भायखळा क्लब निघाला, तो युरोपियनांपुरता. बोटीने आलेला नवखा साहेब ओळखीची चिठ्ठी घेऊन कुणाच्या तरी बंगल्यावर जाई. म्हणजे 'उतरणार कुणाकडे' हा प्रश्न त्यालाही सुटला नव्हता. मग 1860 च्या दशकात कापसाचा पैसा आला, 1869 च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला, आणि ज्यांची इथे कुणाशीच ओळख नाही अशी माणसं बोटी भरभरून येऊ लागली.

त्यांच्यासाठी काळा घोड्याला वॉटसनचं हॉटेल उभं राहिलं. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतला, जहाजातून इथे आणला आणि जोडला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. चोहोबाजूंनी रुंद सज्जे. 1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता, आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर पानंच्या पानं लिहिली. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं या हॉटेलात एक रुपया तिकिटावर दाखवली गेली. हिंदुस्थानातला तो पहिला सिनेमा. आज ही इमारत एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते आणि तिची अवस्था बघवत नाही. तिथून जाताना मी दरवेळी थांबते. जगातल्या जुन्या बिडाच्या इमारतींत जिची गणना होते, ती आपल्या डोळ्यांदेखत झिजते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वॉटसनमध्ये जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मराठी घरांत रामायणातल्या प्रसंगासारखी सांगितली जाते. मीही लहानपणी ती ऐकली. तिला त्या काळचा भक्कम पुरावा नाही, आणि अभ्यासकांनी तिच्याबद्दल शंका घेतलेली आहे. पण ती इतकी टिकली याचं कारण उघड आहे. शहरातले बरेच दरवाजे कातडीचा रंग बघून उघडत होते, हे प्रत्येकाच्या अनुभवाचं होतं. त्या अनुभवाला एक नायक मिळाला. पुराव्याने उभी असलेली गोष्ट माझ्या मते जास्त मोलाची आहे. 1896 च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती, माणसं गाव सोडून पळत होती, आणि त्याच काळात एका माणसाने अपोलो बंदराजवळ समुद्राकडे तोंड केलेलं, विजेच्या दिव्यांचं हॉटेल उभं करायला घेतलं. वास्तुरचनाकार होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. 16 डिसेंबर 1903 रोजी ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा आत सतरा पाहुणे होते. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर एकवीस वर्षांनी, 1924 साली पुरा झाला. समुद्र बघत राहावं म्हणून पैसे मोजायचे, ही कल्पना मुंबईत रुजली ती इथून. मात्र ती फार थोड्यांच्या आवाक्यातली होती.

मराठी मध्यमवर्गाचा मुक्काम वेगळ्याच इमारतींत होत होता. क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तालयासमोर सरदारगृह आहे. पुण्याहून, नागपूरहून, वऱ्हाडातून कामाला आलेला वकील, संपादक, पुढारी तिथे उतरे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की त्यांचा मुक्काम सरदारगृहात असायचा, आणि 1 ऑगस्ट 1920 ला उजाडण्याआधीच त्यांनी प्राण सोडला तोही तिथेच. एवढा मोठा माणूस उतारूंच्या खोलीत गेला, याचं मला विद्यार्थिदशेत नवल वाटायचं. नंतर कळलं की त्या काळचं सार्वजनिक आयुष्यच अशा खोल्यांतून चालत होतं. बैठका तिथे, मजकूर तिथे, भेटीला येणाऱ्यांची रीघ तिथे. त्याच दिवशी भर पावसात लाखो माणसं टिळकांच्या अंत्ययात्रेमागून चालत गिरगाव चौपाटीवर गेली, आणि सरकारच्या खास परवानगीने वाळूतच अंत्यसंस्कार झाला. गिरगावातलं माधवाश्रम, ठाकुरद्वारच्या आसपासच्या खाणावळी, दादरची उपाहारगृहं हा सगळा याच जगाचा पसारा. घरच्यासारखं जेवण, अंघोळीला गरम पाणी आणि ओळखीची बोली, एवढ्या तीन गोष्टींवर ही दुकानदारी चालायची.

आप्पांच्या लॉजमध्ये तांब्याचा बंब पहाटे चारला पेटायचा. कोकणातून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं सहाच्या आत मोरीपुढे रांग लावायची, हातात पितळी तांब्या, खांद्यावर पंचा. खोल्या थोड्या, कॉट जास्त. परवडेल त्याने खोली घ्यायची, बाकीच्यांनी कॉट बेसिसवर राहायचं, उशाला स्वतःची ट्रंक ठेवून. अकरा वाजता पंगत बसे. कोर्टाच्या कामाला आलेला शेतकरी तारीख पडली की रडकुंडीला येई, कारण एक तारीख म्हणजे आणखी एक खेप. आप्पा अशा माणसाला परत येण्याचं भाडं उसनं देत आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून ठेवत. बहुतेकांनी ते मनीऑर्डरने फेडलं.

गिरणगावातली तऱ्हा याहून निराळी. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला 1854 मध्ये काढली आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत घाटावरून आणि कोकणातून माणसांचा लोंढा आला. त्यांना रोजची जागा हवी होती, आणि बायकामुलांना आणण्याची ऐपत नव्हती. त्यातून गाळे निघाले. एका गावाच्या मंडळाने चाळीतली एक खोली धरायची आणि गावच्या सगळ्या चाकरमान्यांनी त्यात राहायचं. माझे मामा संगमेश्वर तालुक्यातले. ते लालबागच्या अशाच गाळ्यात राहायचे. मी आईबरोबर त्यांना डबा द्यायला जायची. खोलीला एकच खिडकी. चारही भिंतींना खुंट्या ठोकलेल्या, आणि प्रत्येक खुंटीवर एका माणसाचा संसार: सदरा, टोपी, पिशवी, क्वचित बायकोचा फोटो. वर लाकडी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, त्यांच्या झाकणांवर पांढऱ्या रंगात नाव आणि वाडी. वळकट्या एका कोपऱ्यात रचलेल्या. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत झोपे. रातपाळीचा माणूस सकाळी दमून येई तेव्हा पहिल्या पाळीवाला जागा मोकळी करून गेलेला असे. कुणीतरी झोपलेलं असायचंच, त्यामुळे तिथे सगळे हळू आवाजात बोलत.

भिंतीवर मंडळाचे नियम लिहिलेले होते. दारू पिऊन येणाऱ्याला दंड. वर्गणी पगाराच्या दिवशी. नवीन मुलगा गावाहून आला तर नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. हा शेवटचा नियम मला मुंबईच्या इतिहासातला मोठा दस्तऐवज वाटतो. सरकारने नव्हे, मालकाने नव्हे, अंगठा उठवणाऱ्या माणसांनी आपल्याआपल्यात बेकारभत्ता सुरू केला होता. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, विहिरीचा कठडा याच गाळ्यांच्या वर्गणीतून झाला.

जेवण खाणावळीत, आणि खाणावळ म्हणजे शेजारच्या चाळीतली एखादी बाई. नवरा गिरणीत, किंवा नवरा वारलेला. ती दहा-बारा माणसांचा स्वयंपाक एका शेगडीवर करायची. पैसे महिन्याच्या पगाराला, तोवर वाण्याचं उधार आणि सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कामाला धंदा म्हणून मान मिळाला. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेक कायमचेच बाहेर राहिले. त्या वर्षी याच खाणावळवाल्यांनी महिनोन्‌महिने उधारीवर ताटं वाढली. हे मी मामांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि सांगताना त्यांचा आवाज कापायचा.

आमच्या घरापासून चालत गेलं की धोबी तलाव. तिथे गोव्याच्या माणसांचे कूड. कल्पना गाळ्याचीच, मात्र गाव गोव्यातलं, बोली कोंकणी आणि धंदा बहुतेकांचा दर्यावरचा. आगबोटीवर खलाशी, आचारी, स्टुअर्ड म्हणून जाणारी माणसं एक बोट सुटल्यापासून दुसरी मिळेपर्यंत आपल्या गावाच्या कुडात राहत. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले हे कूड पुढे शेकड्यांनी वाढले. जेर महाल इमारतीत आजही काही आहेत. आत गेलं की समोर गावच्या संताची वेदी, तिच्यासमोर दिवा, आणि भिंतीकडेला ट्रंका. रोज संध्याकाळी तेरसाची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची आणि ती चुकवणाऱ्याला बोल बसायचा. समुद्रावर महिने काढणाऱ्या या माणसांना किनाऱ्यावर खिडकी नको होती. त्यांना आपल्या गावचा संत आणि आपल्या गावचं माणूस हवं होतं. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हाजींसाठी होता. देशभरातून आलेले यात्रेकरू जेद्दाहची बोट सुटेपर्यंत इथे राहत. ही बोट 1995 पर्यंत चालू होती.

इथवर मी ज्या उंबरठ्यांचं कौतुक केलं, त्यांचीच दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होणार नाही. आपल्या माणसाला आत घेणारा प्रत्येक दरवाजा परक्याला बाहेर ठेवत होता. आप्पांच्या लॉजवर मालकाची सक्त ताकीद होती: आधी आडनाव विचारायचं, मग खोली आहे की नाही ते सांगायचं. रजिस्टरमध्ये जातीचा रकाना नव्हता. त्याची गरजच नव्हती, निवड त्याआधी होऊन गेलेली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना त्या शहरात उतरायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेली माणसं त्यांना बाहेर काढायला आली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस सार्वजनिक बागेत बसून राहिला आणि तसाच मुंबईला परतला. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी शिकवला. एका रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न हा नागरिकत्वाचा प्रश्न असतो, हे मुलांना समजावण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

एकट्या बाईचंही तेच. 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. ज्या बाईला सासर नाही, माहेर नाही, तिला राहायला आणि शिकायला जागा देणारं घर. तिथे शिकलेल्या पहिल्या मुलींतल्या गोदूबाईंनी 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. सदन 1890 मध्येच पुण्याला हललं होतं. त्यानंतर कित्येक दशकं मुंबईतल्या लॉजवर एकट्या बाईला खोली मिळत नसे. एका पावसाळ्यात रत्नागिरीकडची एक तरुण शिक्षिका मुलाखतीसाठी आली. सोबत कुणी नाही. मालकाचा नियम आप्पांना मोडता येईना आणि तिला रात्री रस्त्यावर सोडवेना. त्यांनी तिला आमच्या बिऱ्हाडी आणलं. आईने स्वयंपाकघरात अंथरूण घातलं, सकाळी तिची साडी इस्त्री करून दिली. पुढे ती नोकरीला लागली आणि अनेक वर्षं दिवाळीला येत राहिली. नियम वाकवणारी माणसं प्रत्येक पिढीत होती. पण एखाद्याच्या चांगुलपणावर रात्र काढावी लागणं हा कुणाचा हक्क होत नाही.

समुद्राची खिडकी सर्वसाधारण प्रवाशाच्या नजरेच्या टप्प्यात आली ती मरीन ड्राइव्हमुळे. बॅक बेमध्ये भराव टाकून, तटबंदी बांधून 1930 आणि 40 च्या दशकांत गोलाकार सज्ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत सी ग्रीनसारखी हॉटेलं आली. कुलाब्याचं मॅजेस्टिक हॉटेल पुढे आमदार निवास झालं. ताजशेजारचं ग्रीन्स हॉटेल पाडून तिथे 1973 साली ताजचा मनोरा आला. उत्तरेला जुहू बराच काळ माडांचं, कोळ्यांचं आणि थोड्या श्रीमंतांच्या बंगल्यांचं गाव होतं. 1924 साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारायला तिथेच एका बंगल्यात राहिले. 1962 साली सन-एन-सँड हॉटेल जुहूच्या वाळूवर आलं आणि मग रांगच लागली. या हॉटेलांचं एक मोठं देणं मी मानते. तिथे आडनाव विचारत नाहीत, पैसे विचारतात. आप्पांच्या काळच्या माणसाला यातली सुटका कळली असती. पण पैसे नसलेल्याला ही सुटका लागू होत नाही, आणि त्याच्या मागे उभा असलेला गाळा, कूड, गावमंडळ आता जवळजवळ उरलेलं नाही.

तो माणूस आज कुठे दिसतो, हे बघायचं तर परळला जावं. टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. बंगाल, आसाम, बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ इथून माणसं कॅन्सरच्या उपचाराला तिथे येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतो. ऑपरेशन स्वस्तात होतं, औषधाला मदत मिळते, आणि मग मुक्कामाच्या खर्चाने कुटुंब मोडतं. रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर प्लास्टिक अंथरून, सलाइनची पट्टी हातावर असलेली माणसं झोपलेली मी पाहिली आहेत. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आणि नातलगांना अगदी थोड्या पैशांत जागा देते. गाडगेबाबांनी आयुष्यभर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. स्वतः मात्र ते देवळात न जाता बाहेरचा रस्ता झाडत राहिले. जुन्या धर्मशाळांनी 'तू कुणाचा' असं विचारलं, गाडगेबाबांनी 'तुला काय हवं' असं विचारलं. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रंही याच वाटेने चालतात.

2021 साली म्हाडाने टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातलगांसाठी 100 सदनिका द्यायचं ठरवलं. त्या इमारतींतल्या रहिवाशांनी विरोध केला, निर्णयाला स्थगिती मिळाली. मग सदनिका देण्यात आल्या त्या बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. गिरणगावातच. इतिहास शिकवणाऱ्या बाईला या घटनेत शंभर वर्षं एकदम दिसतात: आपल्या दारात परकी माणसं नकोत म्हणणारा जुना मुंबईकर आणि त्याच शहरात परक्यासाठी जागा शोधणारा दुसरा मुंबईकर. 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांना मिळायची होती. 2001 मध्ये नियम बदलला, वाटा फक्त रिकाम्या जमिनीचा धरला गेला आणि हाती आलं ते अगदी थोडं. त्या जमिनींवर आज मॉल आहेत, मनोरे आहेत, पंचतारांकित हॉटेलं आहेत. टाटा रुग्णालय तिथून फार लांब नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गाळ्यातल्या माणसांनी अपुऱ्या पगारातून जे केलं, ते आजच्या श्रीमंत महापालिकेला आणि सरकारला अशक्य नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयाला मंजुरी देताना नातलगांच्या मुक्कामाची जागा त्याच आराखड्यात असली पाहिजे. गिरणीच्या उरल्यासुरल्या जमिनीवर धर्मशाळांचा पहिला हक्क असला पाहिजे. सरकारी कामाला, परीक्षेला, मुलाखतीला येणाऱ्या मुलींसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि परवडणारी वसतिगृहं स्टेशनांजवळ असली पाहिजेत. समुद्र बघायला येणाऱ्यांची सोय शहराने छान केली आहे, ती असू द्या. ज्यांना नाइलाजाने यावं लागतं त्यांची सोय करणं हे शहराचं पहिलं काम आहे, आणि ते काम मुंबईने पूर्वी, फार थोड्या साधनांत, करून दाखवलेलं आहे.